भोपळ्याचं वजन

पाहुणे गेल्यावर मी फ्रीज उघडला आणि काय काय उरलंय ते मोजलं. फॉइलमध्ये गुंडाळलेली भाजलेली कोंबडी, अर्ध्याहून थोडी जास्त. उकडलेले बटाटे सात. भाताचं एक पातेलं, झाकण नसलेलं. अर्धा कोबी, अकरा गाजरं, पाल्यासकट चार मुळे, पातीच्या कांद्याच्या दोन जुड्या, त्यातली एक मलूल. अंडी नऊ. आल्याचा एक मोठा गड्डा. सुक्या मेव्याच्या केकचा शेवटचा तुकडा, जो सगळी सुट्टीभर प्रत्येक जण दुसऱ्यासाठी ठेवत होता. ओट्याखाली एक आख्खा लाल भोपळा, दुकानाची वजनाची चिठ्ठी अजून सालीला चिकटलेली. आणि माझ्या बॅगेत, स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेल्या, माझ्या वसतिगृहातल्या रूममेटने निरोपाला दिलेल्या तीन बाटल्या आणि एक डबा: सोया सॉस, तिळाचं तेल, तांदळाचं व्हिनेगर आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा तपकिरी, घट्ट लगदा. ती समुद्रापलीकडची, पूर्वेकडची. अभ्यासाचा कंटाळा आला की ती उरलंसुरलं परतायची आणि मी तापमानं मोजायचे.

त्याच सकाळी बाबांचं वजन अठ्ठेचाळीस किलो पाचशे ग्रॅम भरलं होतं.

हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता. केमोच्या औषधांचे चार डोस झाले होते आणि आता पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं. गुरुवारी दवाखान्यात वजन करायचं. अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर ऑपरेशन पुढे ढकलायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पुढे म्हणजे कधी?" असं आईने विचारल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं, आधी पेनाकडे पाहिलं, मग आईकडे. तेवढ्यावरून आम्हाला कळायचं ते कळलं.

बाबा काटे दुरुस्त करतात. बाजारात त्यांना 'काटेवाले' याच नावाने ओळखतात. पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं आणि तिथे भिंतीला लागून त्यांचा स्वतःचा उभा काटा आहे: पायाखाली लोखंडी फळी, छातीच्या उंचीवर आडवी दांडी, तिच्यावर सरकणारं वजन. वापरात नसताना दांडी एका कळीने अडकवलेली असते, म्हणजे धक्क्याने झिजत नाही. औषधं सुरू झाल्यापासून मान वळवली की बाबांना भोवळ यायची. म्हणून ते भिंतीकडे बघत उभे राहायचे आणि कळ सोडून, वजन सरकवून आकडा वाचायचं काम आई करायची.

भूक नव्हती असं नाही. चव गेली होती. "लोखंड चाटल्यासारखं लागतं," ते म्हणायचे. आईने त्यांना आवडणारं सगळं एकामागून एक करून पाहिलं. दोन घास खायचे, ताट अंगठ्याने हळूच पुढे सरकवायचे. ते सरकवणं आईला शिव्यांहून वाईट वाटायचं.

"काही जिभेला कळतंय का, ते आधी शोधू," मी सोमवारी म्हणाले आणि त्यांच्यापुढे सहा बश्या मांडल्या.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, सुट्टीला आली होती ती मुक्काम वाढवून राहिली होती. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघा, शास्त्रज्ञबाईंनी दुकान मांडलं. छोट्या, सांभाळ रे, कॉलेजात बेडूक कापून झाले, आता तुझा नंबर."

साठीच्या बाबांना छोट्या म्हणणारी जगात तीच एक.

बाबा मात्र गंभीर झाले. मोजणी म्हटली की ते नेहमीच सरळ होऊन बसतात. "आधी साधं पाणी दे," ते म्हणाले. "आधी शून्य बघायचं, मग बाकीचं."

पाणी लोखंडी लागलं. साखर काहीच नाही. मीठ लोखंडी, आणखी जास्त. व्हिनेगरच्या थेंबावर त्यांची भुवई हलली. "हे आंबट आहे." आल्याच्या रसावर त्यांनी डोळे मिटले. "हेही कळलं." शेवटची बशी मिसोची होती, कोमट पाण्यात विरघळवलेली. ती त्यांनी दोनदा मागितली.

"काय लागतं?"

"सांगता येत नाही. पण मागून काहीतरी येतंय. रिकामं नाही वाटत."

मी सहाही बश्या पुन्हा लाकडी चमच्याने देऊन पाहिल्या. लोखंड अर्ध्यावर आलं. स्टीलचे चमचे मी त्याच मिनिटाला ड्रॉवरमध्ये टाकले.

मग स्वयंपाकघरात आमची पहिली चकमक झाली. मी भाताचं पातेलं ओतून द्यायला निघाले.

"अगं, अन्न आहे ते!" आई म्हणाली.

"हे रात्रभर ओट्यावर होतं की लगेच आत ठेवलं होतं?"

कुणालाच आठवेना. पंधरा माणसांच्या घरात पातेलं कुणी उचललं हे कोण सांगणार.

"मग बाबांना नाही. त्यांच्या अंगात सध्या जंतूंशी भांडायला माणसं नाहीत."

"मला दे," आत्या म्हणाली. "माझ्या पोटात गेले तर जंतूच मरतील."

मी तिलाही दिलं नाही. कोंबडी आणि बटाटे ठेवले, कारण आदल्या रात्री जेवणं आटोपल्या आटोपल्या ते मीच आत ठेवले होते. भाज्या तर ताज्याच होत्या. आता हिशेब करायचा होता तो पोटात किती जाईल याचा. एक वाटी म्हणजे किती उष्मांक, त्यात तीळ किती, अंडं किती, भोपळ्याचा गर किती. घरातला छोटा काटा दोन किलोपर्यंतच चालतो, म्हणून भोपळा काखेत मारून मी पुढच्या खोलीत गेले आणि त्याला बाबांच्या काट्यावर ठेवलं.

चार किलो पन्नास ग्रॅम.

चिठ्ठीवर तीन किलो दीडशे लिहिलं होतं.

दुकानदार नऊशे ग्रॅम जास्त देत नसतो. मी भोपळा काढून पुन्हा ठेवला. तेच. मग कोठीतून पिठाची न फोडलेली पाच किलोची पिशवी आणली. पाच किलो नऊशे. दोन्ही वेळा फरक तेवढाच, म्हणजे काटा प्रमाणात चुकत नव्हता. त्याचं शून्यच सरकलं होतं. मी फळी रिकामी केली, सरकतं वजन शून्यावर आणलं, कळ सोडली. दांडी आडवी न राहता वर जाऊन टेकली. टोकाचं पितळी बोंड, ज्याने शून्य लावतात, त्याच्याखालची धूळ एका बाजूला पुसली गेली होती.

अठ्ठेचाळीस पाचशेतून नऊशे वजा केले. उत्तर अठ्ठेचाळीसच्या खाली आलं.

आई कोबी चिरत होती. मी दार लोटून घेतलं. "काटा नऊशे ग्रॅम जास्त दाखवतोय."

सुरी थांबली नाही, पण कोबीच्या पट्ट्या जाड पडायला लागल्या.

"आई."

"मीच फिरवलं," ती कोबीला म्हणाली. "थोडं थोडं करून. दर वेळी वाटायचं, पुढच्या आठवड्यात भरून निघेल, मग परत लावीन."

"अगं पण का?"

"तू इथे नव्हतीस. आकडा कमी आला की तो दिवस ते ताटाला हातही लावायचे नाहीत. 'उपयोग काय' म्हणायचे. शंभर ग्रॅम वाढले सांगितलं की दोन घास जास्त जायचे. मी दोन घासांसाठी केलं." तिने चिरलेला कोबी उगाच पुन्हा चिरला. "त्यांच्याकडूनच शिकले ते बोंड फिरवायला. नवीन लग्न झालं होतं तेव्हा हौसेने शिकवलं होतं."

आत्या कधी आत आली ते आम्हाला कळलं नाही. तिचं आणि आईचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य. मला वाटलं, आता झडणार. पण तिने पाटावर बसकण मारली आणि गाजरं सोलायला घेतली. "छोट्याला सांगायचं नाही," ती म्हणाली. "गुरुवारपर्यंत कुणीही नाही. त्याला आता आकडा नको, जेवण पाहिजे. काय करायचं ते सांग, शास्त्रज्ञबाई."

मी सांगितलं. कोंबडीचं मांस सोडवून हाडं आल्याच्या चकत्या आणि पातीच्या मुळांसकट उकळायला टाकली. भोपळा आणि गाजरं त्याच पाण्यात मऊ शिजवली. तीळ मंद भाजून लोण्यासारखे होईपर्यंत वाटले; दिसायला दोन चमचे, पण एका पोळीहून जास्त ताकद. मुळ्याचा पाला बारीक चिरून तिळाच्या तेलात परतला, कोबी आणि मुळ्याच्या काड्या मोठ्या आचेवर झटपट, करकरीत राहतील अशा. बटाटे कुस्करून त्यात अंडं फोडलं. मिसो शेवटी, आच बंद करून.

"चीन आणि जपान एकाच कढईत," आत्या म्हणाली. "परदेश बघायची हौस होती छोट्याला, ती घरबसल्या फिटतेय."

वाफाळती वाटी घेऊन मी बाहेर गेले. बाबांनी वास घेतला आणि तोंडावर हात दाबून मोरीकडे गेले.

दाराआडून त्यांचे उमासे ऐकू येत होते. आई माझ्याकडे बघत नव्हती, आणि ते न बघणंच मला लागत होतं. मी तिचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, तिचा भात फेकला, तिचं गुपित उघडं केलं, आणि वाटी जशीच्या तशी परत आणली.

बाबा भिंतीला धरून आले. "मोज्यांचा वास येतोय त्याला."

"तुझेच असतील," आत्या म्हणाली. कुणी हसलं नाही.

मी ओट्याशी उभी राहून विचार केला. सकाळी हाच मिसो त्यांनी दोनदा मागितला होता. काय बदललं होतं? मिसो तोच, माणूस तोच. सकाळी तो कोमट होता आणि बशीत चमचाभर. आत्ता वाफ निघत होती. जीभ तयार होती, नाक नव्हतं. मी खिडक्या उघडल्या, स्वयंपाकघराचं दार बंद केलं, सगळं पुन्हा खळखळून उकळवलं, मग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून थर्मामीटर बुडवून बसले. चाळिसावर आल्यावर झाकणाच्या वाटीत भरलं, वर व्हिनेगरचे चार थेंब, आणि लाकडी चमचा.

"नाक धरा आणि एक चमचा. नाही आवडलं तर मी पुन्हा विचारणार नाही."

एक चमचा गेला. त्यांनी नाक सोडलं. दुसरा गेला. मग ते वाटीत खाली बघून, कामावर असताना बघतात तसं, खात राहिले. आई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. चमचा वाटीच्या तळाला लागल्याचा आवाज आला तेव्हा तिने पदराने ओटा पुसायला घेतला, जो आधीच पुसलेला होता.

चूक तिथे झाली. त्यांना बरं वाटलं.

"सुट्टीनंतर काटा तपासायचा राहिलाय," ते उठत म्हणाले. दर मोठ्या सुट्टीनंतर, बाजार उघडायच्या आधी, ते सगळ्या काट्यांवर पितळी प्रमाण-वजन ठेवून पाहतात. आजवर एकदाही चुकवलं नव्हतं. आम्ही तिघीही हे विसरलो होतो.

"अहो, आत्ता पडा जरा," आई म्हणाली.

"छोट्या, जेवल्यावर वाकू नये," आत्या म्हणाली.

पण त्यांनी मखमलीच्या डबीतून पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी काढलं, फळीवर ठेवलं, कळ सोडली, आणि दांडीवरचं वजन बोटाने सरकवलं. पाचवर दांडी स्थिर व्हायला हवी होती. नाही झाली. ते सरकवत गेले. पाच नऊशेवर दांडी आडवी थांबली.



त्यांनी बोंडाखाली पुसलेली धूळ पाहिली. मग मागे वळून न बघता विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या डोसनंतर," आई म्हणाली.

"चाळीस वर्षं मी लोकांचे काटे खरे करत फिरलो. लोक म्हणतात, काटेवाल्यांनी हात लावला म्हणजे डोळे मिटून घ्या. आणि माझ्या घरात, माझ्याच काट्यावर..."

"हो, तुमच्याच काट्यावर!" आईचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही त्या दांडीवर जगत होतात. शंभर ग्रॅम इकडे की जगायचं, शंभर ग्रॅम तिकडे की मरायचं. ताट सरकवताना माझ्याकडे एकदा तरी बघितलंत? मी काय करायला हवं होतं, ते सांगा ना!"

बाबांनी किल्लीने बोंड फिरवलं, दोनदा शून्य पाहिलं, प्रमाण-वजन उचलून बाजूला ठेवलं. मग चपला काढून फळीवर उभे राहिले, पहिल्यांदाच दांडीकडे तोंड करून. भोवळ आली, मी दंड धरायला गेले तर "हात लावू नकोस, वजन बदलेल" म्हणाले. त्यांनी स्वतः वाचलं.

"सत्तेचाळीस सहाशे."

ते उतरले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

आई जमिनीवर बसली. आत्या तिच्याशेजारी बसली आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला सुचत होतं ते सगळं आकड्यांत सुचत होतं. पुढची दोन जेवणं त्यांनी नाकारली तर आणखी किती जाईल, हे मी मनात काढून पाहिलं आणि पुन्हा काढलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला दार उघडलं.

"ते मघाचं आहे का अजून?" बाबा दारातूनच म्हणाले. "मोज्यांचं?"

आई उठली. वाटी तिने भरली. त्यांच्या हातात देताना दोघांचीही नजर वाटीवर होती.

"तू खरा आकडा सांगितला असतास तर खाल्लं नसतं मी," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"माहीत आहे," आई म्हणाली.

मंगळवारी त्यांनी दर तीन तासांनी खाल्लं. कोंबडीचे धागे तीळलोण्यात कालवून, मुळ्याच्या काड्या व्हिनेगरमध्ये मुरवून, बटाट्याचे अंडं घातलेले छोटे चपटे वडे, आल्याच्या पाण्याबरोबर केकचा तो बेवारस तुकडासुद्धा. आई आता माझ्याशेजारी उभी राहून परतायची. पहिल्यांदा तिने आच कमी केली, मी मोठी केली, तिने माझा हात बाजूला केला आणि कोबी माझ्याहून चांगला जमवला. मंगळवारी रात्री कोंबडी संपली. बुधवारी ताजी अंडी आणि भोपळ्याचा उरलेला अर्धा भाग.

बुधवारी दुपारी मी रस्सा ढवळत होते आणि सोया सॉसची बाटली हातात होती. ठरलेला एक चमचा घातला. बाटली खाली ठेवली नाही. मीठ पाणी धरून ठेवतं. आणखी दोन चमचे सॉस आणि वरून भरपूर आल्याचं पाणी, एवढ्याने उद्या सकाळपर्यंत तीन-चारशे ग्रॅम सहज वाढले असते. जिभेला खारट कळत नव्हतंच. कुणाला कळलं नसतं. बोंड तर कुणी फिरवलंच नसतं.

आईने माझ्या हाताकडे पाहिलं. तिला मिठाचं शास्त्र माहीत नव्हतं, पण ते थांबणं तिच्या ओळखीचं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. पुरेसं आहे," मी म्हणाले आणि टोपण लावलं. रात्रीच्या रश्श्यात सॉस अर्धाच चमचा घातला, आणि घरातल्या काट्याची कळ कुणी सोडली नाही.

गुरुवारी निघताना बाबांनी पिशवीत मखमलीची डबी टाकली.

"ते कशाला?" आत्याने विचारलं. "खिशात घालून उभा राहणार असलास तर आत्ताच सांग. पाच किलोने काम होऊन जाईल."

बाबा हसले. आईनेही हसायचा प्रयत्न केला. डबी घरीच राहिली.

दवाखान्यातली आहारतज्ज्ञ बाई तरुण होती, माझ्याच वयाची. तिचा काटा विजेवर चालणारा, काचेचा. बाबांनी कोट काढला, मग स्वेटर, घड्याळ, पट्टा, बूट. आईने एकेक वस्तू घेऊन छातीशी धरली, आणि ती भिंतीवरच्या नेत्रतपासणीच्या तक्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आधी शून्य दाखवा," बाबा म्हणाले.

बाईने पायाने काटा चालू केला. शून्य आलं. तिने त्यांच्यासाठी बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा शून्य आलं. बाबांनी मान हलवली.

ते वर चढले आणि हात अंगापासून दूर धरले. आकडे फिरले, थांबले, परत एकदा फिरले. आईने विचारलं, "किती?" आणि बाईने आकडा स्थिर होईपर्यंत बोट वर धरलं.

"अठ्ठेचाळीस किलो शंभर," ती म्हणाली.